स्क्रॅच आणि ब्लॉक-आधारित प्रोग्रॅमिंग : नवशिक्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिज्युअल प्रोग्रॅमिंग म्हणजे नेमके काय?

संगणकाला द्यायच्या सूचना एकेक अक्षर टाईप करून लिहिण्याऐवजी तयार ब्लॉकच्या रूपात पडद्यावर ओढून आणणे आणि एकाखाली एक जोडत जाणे, याला व्हिज्युअल किंवा ब्लॉक-आधारित प्रोग्रॅमिंग म्हणतात. या प्रकारातील सर्वांच्या ओळखीचे साधन म्हणजे स्क्रॅच. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते तयार केले आणि २००७ साली सर्वांसाठी खुले केले. त्याची तिसरी आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली. खालची उत्तरे स्क्रॅचच्या आधारे दिली आहेत, पण त्यांतील बहुतेक गोष्टी ब्लॉकच्या इतर साधनांनाही लागू पडतात.

या कल्पनेची मुळे बरीच जुनी आहेत. सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली होती. शाळेतील संगणकाच्या तासाला 'एफडी १००' असे टाईप करून कासव पुढे सरकवल्याचे ज्यांना आठवते, त्यांना स्क्रॅच उघडताच पडद्यावर दिसणारी मांजर त्याच घराण्यातली आहे हे लगेच जाणवेल.

हे खरे प्रोग्रॅमिंग आहे, की मुलांचा खेळ?

खरे प्रोग्रॅमिंग आहे. ब्लॉकमुळे टाळल्या जातात त्या फक्त लेखनाच्या चुका. कंस बंद करायचा राहिला, स्पेलिंग चुकले, अशा कारणांवरून स्क्रॅचमधील प्रोग्रॅम अडत नाही, कारण जे ब्लॉक एकमेकांत बसायला नकोत ते बसतच नाहीत. 'इफ' (जर) या ब्लॉकमध्ये अटीसाठी षटकोनी खाच असते. तिच्यात गोलाकार टोकांचा, म्हणजे संख्या किंवा मजकूर देणारा ब्लॉक बसवता येत नाही. मूल्यांचे प्रकार वेगवेगळे असतात हा धडा, जो इतर भाषांत बऱ्याच उशिरा आणि कंटाळवाण्या पद्धतीने शिकवला जातो, तो येथे आकारांतूनच मिळतो.

विचारातील चुका मात्र जशाच्या तशा राहतात. क्रम चुकणे, अट एकदाच तपासली जाणे, चलाला (किंमत साठवायच्या, नाव दिलेल्या जागेला) सुरुवातीची किंमत न देणे या चुका ब्लॉकमध्ये जितक्या सहज होतात तितक्याच पायथॉन या लिखित भाषेतही होतात. नवशिक्याने शिकायचे आहे ते हेच, आणि म्हणून या पानावरील बरीच जागा अशा चुकांनाच दिली आहे. मोठ्या माणसांना ब्लॉक वापरायला संकोच वाटत असेल, तर हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस५० या प्रसिद्ध अभ्यासक्रमाची सुरुवात स्क्रॅचनेच होते आणि त्यानंतर विद्यार्थी सी भाषेकडे वळतात, एवढे त्यांनी लक्षात ठेवावे.

सुरुवात करण्यासाठी काय लागते?

संगणक, लॅपटॉप किंवा टॅबलेट, आणि त्यावर अद्ययावत ब्राउझर. स्क्रॅच विनामूल्य आहे. इंटरनेट बेभरवशाचे असेल तर ऑफलाइन चालणारे स्क्रॅच ॲप एकदा उतरवून घ्यावे. प्रोजेक्ट बनवण्यासाठी खाते उघडण्याची गरज नाही. फाइल मेनूतून तो स्वतःच्या संगणकावर जतन करता येतो. खाते लागते ते प्रोजेक्ट ऑनलाइन साठवण्यासाठी आणि इतरांना दाखवण्यासाठी. मोबाइल फोनवर इतरांचे प्रोजेक्ट पाहता येतात, पण तेथे प्रोजेक्ट तयार करण्याची सोय नाही. घरात केवळ फोन असेल तर शाळेतील किंवा ग्रंथालयातील संगणक गाठणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

इंग्रजी फारसे येत नसेल तर अडचण येईल का?

सुरुवातीला लागणारे इंग्रजी शब्द वीस-पंचवीसच्या पुढे जात नाहीत, आणि ब्लॉकचा रंग व आकार यांची मोठी मदत होते. हालचालीचे ब्लॉक निळे, दिसण्याचे जांभळे, घटनांचे पिवळे आणि आकडेमोडीचे हिरवे असतात. वरच्या पट्टीतून भाषा बदलता येते. ती बदलल्यावर ब्लॉकवरील शब्द बदलतात, प्रोग्रॅम बदलत नाही, कारण जतन केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ब्लॉकची नोंद एका ठरावीक संकेतनामाने होते आणि पडद्यावरचे शब्द हे त्यावरचे लेबल असते. स्प्राइटच्या, म्हणजे पडद्यावरील पात्राच्या, तोंडी मराठी वाक्ये घालता येतात आणि चलांना 'गुण', 'वेळ', 'वेग' अशी मराठी नावेही देता येतात. ती जरूर द्यावीत. पंधरा दिवसांनी स्वतःचाच प्रोग्रॅम वाचताना 'एक्सवायझेड' या नावापेक्षा 'उरलेले प्रयत्न' हे नाव अधिक उपयोगी पडते.

स्टेजवरील एक्स आणि वाय या संख्यांचा अर्थ काय?

स्टेज, म्हणजे पात्रे जेथे हालतात तो पडद्यावरचा भाग, ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच असते आणि तिच्या मध्यबिंदूचे निर्देशक शून्य, शून्य असतात. म्हणून एक्सची किंमत डावीकडे उणे २४० पासून उजवीकडे २४० पर्यंत आणि वायची किंमत खाली उणे १८० पासून वर १८० पर्यंत जाते. दिशा अंशांत मोजतात, पण येथे शून्य अंश म्हणजे वर आणि ९० अंश म्हणजे उजवीकडे. शालेय भूमितीत कोन उजव्या बाजूपासून मोजण्याची सवय असलेल्यांचा येथे गोंधळ होतो. नववीत निर्देशक भूमिती शिकण्यापूर्वीच मूल येथे ऋण संख्यांशी खेळू लागते, हा त्यातील मोठा लाभ.

पहिला प्रोग्रॅम कोणता करावा?

बहुतेकांना थेट गेम बनवायचा असतो. माझा सल्ला असा की, आधी चौरस काढावा. स्क्रॅचमध्ये डावीकडे खाली असलेल्या बटणातून पेन हे एक्स्टेन्शन (जादा ब्लॉकचा संच) जोडले की स्प्राइट जेथे जाईल तेथे रेघ उमटवता येते. पेन खाली ठेवा, १०० पावले पुढे जा, उजवीकडे ९० अंश वळा; पुढे जाण्याची आणि वळण्याची ही जोडी चार वेळा लावली की चौरस पूर्ण होतो. त्यानंतर तीच जोडी 'रिपीट ४' या ब्लॉकच्या पोटात घालून उरलेल्या तिन्ही जोड्या काढून टाकाव्यात. चित्र तेच येते आणि प्रोग्रॅम आखूड होतो. लूप म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगणे मला तरी जमलेले नाही.

खरी गंमत त्रिकोणापाशी सुरू होते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे सर्वांना पाठ असते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नवशिका 'रिपीट ३' लावून ६० अंशांचे वळण देतो, आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी एका बाजूने उघडी राहिलेली, अर्ध्या षटकोनासारखी आकृती उमटते. कारण स्प्राइट शिरोबिंदूपाशी वळतो तो आतल्या कोनाइतका नव्हे, तर बाहेरच्या कोनाइतका, म्हणजे १२० अंश. बंद आकृतीभोवती एक पूर्ण फेरी मारताना एकूण वळण ३६० अंश व्हावे लागते, म्हणून त्रिकोणासाठी ३६० भागिले तीन, पंचकोनासाठी ३६० भागिले पाच. हे एकदा उमगले की बाजूंची संख्या एका चलात ठेवून कोणताही नियमित बहुभुज एकाच प्रोग्रॅमने काढता येतो, आणि ३६० बाजू घेऊन बाजूची लांबी एक-दोन पावले केली की डोळ्यांना वर्तुळच दिसते. पाच टोकांच्या चांदणीसाठी १४४ अंश पाच वेळा वळावे लागते. एकूण वळण ७२० अंश भरते, कारण चांदणी पूर्ण होईपर्यंत स्प्राइटच्या दोन पूर्ण गिरक्या होतात. या एका उदाहरणात क्रम, पुनरावृत्ती, चल आणि सामान्यीकरण या चारही संकल्पना येतात, आणि म्हणूनच ते गेमच्या आधी करावे असे मी सुचवतो.

पुढे जाण्याचे दहा ब्लॉक एकाखाली एक लावले तर मांजर चालण्याऐवजी एकदम उडी का मारते?

स्क्रॅच पडदा सेकंदाला साधारण ३० वेळा नव्याने रंगवते. लूप नसलेले, सरळ एकाखाली एक लावलेले हालचालीचे ब्लॉक दोन रंगवण्यांच्या मधल्या वेळात पूर्ण होतात, त्यामुळे आपल्याला केवळ शेवटची जागा दिसते. तेच ब्लॉक लूपमध्ये घातले की प्रत्येक फेरीनंतर पडदा नव्याने रंगवला जातो आणि चाल दिसू लागते. मांजर दोन्ही वेळा तितकेच अंतर गेलेली असते.

अट बरोबर लावली आहे, तरी ती लागू का होत नाही?

हिरव्या झेंड्यावर क्लिक केले की प्रोग्रॅम सुरू होतो. त्या झेंड्याच्या ब्लॉकखाली 'इफ' लावून त्यात 'कडेला टेकला असेल तर मागे वळ' असे लिहिले, तर झेंड्यावर क्लिक केल्याच्या क्षणी ती अट एकदा तपासली जाते आणि प्रोग्रॅम संपतो. त्या क्षणी स्प्राइट कडेला नसतो, म्हणून काहीच घडत नाही. 'जेव्हा-जेव्हा टेकेल तेव्हा' हा अर्थ आपल्या मनात असतो, ब्लॉकमध्ये नसतो. सतत तपासणी हवी असेल तर 'इफ' हा 'फॉरएव्हर' या कायम फिरत राहणाऱ्या लूपच्या आत ठेवावा लागतो.

तो तसा ठेवला की पुढची तक्रार ठरलेली असते : टोपलीत सफरचंदे पकडण्याच्या गेममध्ये सफरचंद एकदाच पकडले, तरी गुण वीस-पंचवीसने कसे वाढले? फॉरएव्हरची फेरी सेकंदाला साधारण ३० वेळा फिरते, आणि सफरचंद टोपलीला जितका वेळ टेकलेले असते तितक्या सगळ्या फेऱ्यांमध्ये अट खरी ठरून दर वेळी एक गुण मिळतो. त्यावर उपाय म्हणजे गुण देताच सफरचंदाला दुसऱ्या जागी पाठवणे किंवा स्पर्श सुटेपर्यंत थांबणे. काही जण येथे अर्ध्या सेकंदाचा 'वेट' घालून वेळ मारून नेतात. त्याने लक्षण झाकले जाते, पण सफरचंद टोपलीवर रेंगाळले की गुण पुन्हा वाढू लागतात.

'सेट' आणि 'चेंज' यांत फरक काय?

'सेट' चलाची आधीची किंमत पुसून नवी किंमत ठेवतो, तर 'चेंज' आधीच्या किमतीत दिलेली संख्या मिळवतो. गुण वाढवण्यासाठी 'सेट १' वापरला तर गुण कायम एकच राहतात.

याच्याशी जोडलेली दुसरी सवय म्हणजे सुरुवातीची स्थिती ठरवून देणे. लाल बटणाने प्रोग्रॅम थांबतो, पण स्प्राइट मूळ जागी परतत नाही आणि चल शून्य होत नाहीत. काल खेळताना मिळालेले गुण आज झेंडा दाबल्यावर तसेच दिसतील. म्हणून झेंड्याखालील पहिले काही ब्लॉक नेहमी जागा, दिशा, पोशाख (स्प्राइटचे रूप) आणि चल यांच्यासाठी राखून ठेवावेत.

पाढ्यांची प्रश्नमंजुषा बनवली, पण बरोबर उत्तरही चूक ठरते. असे का होते?

याची दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले, प्रश्न विचारताना 'पिक रँडम' हा ब्लॉक वापरला जातो आणि उत्तर तपासतानाही तोच पुन्हा वापरला जातो. तो ब्लॉक प्रत्येक वेळी नवी संख्या काढतो, त्यामुळे पडद्यावर सात आठे किती असे विचारले जाते आणि तपासले जाते ते भलत्याच दोन संख्यांचे उत्तर. आधी दोन्ही संख्या दोन चलांत ठेवाव्यात आणि नंतर प्रश्नात व तपासणीत ते चलच वापरावेत. खेळणाऱ्याने दिलेले उत्तर ज्या 'आन्सर' ब्लॉकमध्ये मिळते, तो पुढच्या प्रश्नाचे उत्तर मिळताच बदलतो. जुने उत्तर नंतर लागणार असेल तर तेही चलात उचलून ठेवावे.

दुसरे कारण खास आपल्याकडचे आहे. कीबोर्ड मराठीत असेल आणि मुलाने ५६ हे उत्तर देवनागरी अंकांत टाईप केले, तर स्क्रॅच त्याला संख्या मानत नाही. तुलना मजकुराची होते, देवनागरी छप्पन आणि इंग्रजी अंकांतील छप्पन वेगळे ठरतात, आणि उत्तर चूक धरले जाते. देवनागरी अंक बेरजेत वापरले तर त्यांची किंमत शून्य धरली जाते. त्यामुळे उत्तर इंग्रजी अंकांतच लिहावे अशी सूचना प्रश्नासोबतच देणे सोयीचे. विशेष म्हणजे पायथॉनमधील 'इंट' हे फंक्शन देवनागरी अंकही संख्या म्हणून ओळखते.

शब्दखेळ बनवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'लेंग्थ ऑफ' ब्लॉकला 'मराठी' हा शब्द दिला तर उत्तर तीन नव्हे, पाच येते, कारण काना आणि दीर्घ वेलांटी ही चिन्हे संगणक स्वतंत्र मोजतो. त्या शब्दाचे तिसरे अक्षर मागितले तर नुसता काना हाती येतो. जोडाक्षरांमध्ये हा फरक आणखी वाढतो, म्हणून अक्षरे ओळखण्याचा खेळ करायचा असेल तर शब्द आधीच अक्षरांत तोडून लिस्टमध्ये, म्हणजे अनेक किमतींच्या क्रमवार यादीत, भरून ठेवावेत.

'ब्रॉडकास्ट' कशासाठी वापरतात?

एका स्प्राइटने दुसऱ्या स्प्राइटला निरोप देण्यासाठी. नवशिके दोन पात्रांचा संवाद प्रत्येकाच्या 'वेट'चे सेकंद मोजून जुळवतात; एक वाक्य लांबले की पुढचे सारे विस्कटते. एकाने वाक्य संपवून निरोप पाठवावा आणि दुसऱ्याने तो मिळताच बोलावे.

प्रोग्रॅम चालत नसेल तर चूक कशी शोधावी?

सर्वांत आधी, झेंडा दाबण्यापूर्वी काय घडायला हवे ते मोठ्याने सांगावे आणि नंतर काय घडले ते पाहावे. अपेक्षा आणि घटना यांची फारकत जेथे सुरू होते, तेथेच चूक सापडते. केवळ ब्लॉक इकडून तिकडे हलवत राहिल्याने कधीतरी प्रोग्रॅम चालू लागतो, पण का चालला ते कळत नाही.

स्क्रॅचमध्ये शोध घेणे सोपे जावे अशा काही सोयी आहेत. कोणत्याही ब्लॉकवर क्लिक केले की तो आणि त्याला जोडलेले ब्लॉक लगेच चालतात, त्यासाठी झेंडा लागत नाही. किंमत देणाऱ्या ब्लॉकवर क्लिक केले तर ती किंमत फुग्यात दिसते. चलाच्या नावापुढील चौकटीत खूण केली की त्याची किंमत स्टेजवर दिसत राहते. मोठा प्रोग्रॅम अर्ध्यात तोडून वरचा भाग एकटा चालवून पाहावा, आणि घटना डोळ्यांना टिपता येत नसतील तर तपासणीपुरता एक सेकंदाचा 'वेट' घालावा. बरेचदा प्रोग्रॅम निर्दोष असतो, पण तो भलत्याच स्प्राइटवर लिहिलेला असतो. म्हणून खाली कोणता स्प्राइट निवडलेला आहे याकडे आधी नजर टाकावी.

दुसऱ्याचा प्रोजेक्ट उघडून बदलणे ही नक्कल नाही का?

स्क्रॅचच्या संकेतस्थळावर शेअर केलेला प्रत्येक प्रोजेक्ट इतरांना आतून पाहता येतो आणि मूळ कर्त्याचे श्रेय राखून त्यात बदलही करता येतो. याला रिमिक्स म्हणतात. चांगला प्रोग्रॅम वाचणे हा शिकण्याचा भाग आहे. फक्त नाव आणि रंग बदलून समाधान मानण्याऐवजी नियमच बदलून पाहावा, उदाहरणार्थ चेंडू भिंतीवर आदळला की त्याचा वेग वाढवावा.

मुलांनी कोणत्या वयात सुरुवात करावी? क्लास लावावा का?

स्क्रॅच मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी बनवलेले आहे आणि ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनियर हे वेगळे ॲप आहे, ज्यात वाचता न येणाऱ्या मुलालाही चित्रांवरून काम करता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगच्या उपक्रमांचा उल्लेख माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीसाठी आहे. त्यामुळे पहिलीतल्या मुलाला आत्ताच कोडिंग आले नाही तर तो मागे पडेल, ही जाहिरातींनी पालकांच्या मनात घातलेली भीती निराधार आहे असे माझे मत आहे.

क्लास लावायचाच असेल तर मुलाने महिन्याभरात काय 'बनवले' हे विचारण्यापेक्षा त्यातील एखादा ब्लॉक काढला तर काय होईल, हे त्याला विचारावे. सर्वांचे प्रोजेक्ट हुबेहूब सारखे असतील, तर मुले शिक्षकांच्या पडद्यावरचे ब्लॉक उतरवून घेत आहेत असे समजावे.

पायथॉनसारख्या लिखित भाषेकडे कधी वळावे?

ब्लॉक ओढणे विचारापेक्षा हळू वाटू लागले, प्रोग्रॅम पडद्यावर मावेनासा झाला आणि 'माय ब्लॉक्स'मध्ये स्वतःचा ब्लॉक बनवून तो दोन-तीन ठिकाणी वापरता येऊ लागला, की वळायला हरकत नाही. वयाची किंवा महिन्यांची अट घालण्यात अर्थ नाही.

नवे ते सारे एकदम अंगावर घेऊ नये. पायथॉनसोबत 'टर्टल' हे मॉड्यूल (तयार सूचनांचा संच) येते, ज्यात लोगोचेच कासव आहे. चौरसाचा, त्रिकोणाचा आणि चांदणीचा तोच प्रोग्रॅम त्यात लिहून पाहिला तर विचार ओळखीचा असतो आणि लक्ष केवळ लेखनपद्धतीवर देता येते. तरी काही फरक फसवतात. स्क्रॅचच्या लिस्टमधील पहिल्या घटकाचा क्रमांक एक असतो, पायथॉनमध्ये तो शून्य असतो. स्क्रॅचमध्ये तुलना करताना इंग्रजीतील लहान आणि मोठी लिपी सारखीच धरली जाते, पायथॉनमध्ये ती वेगळी धरली जाते. पायथॉनमध्ये एकच बरोबरचे चिन्ह किंमत ठेवण्यासाठी असते आणि तुलनेसाठी दोन चिन्हे लागतात. लूपच्या पोटात काय आहे हे स्क्रॅचमध्ये ब्लॉकचा आकारच दाखवतो, तर पायथॉनमध्ये ते ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून ठरते.

मधला टप्पा हवा असेल तर मायक्रोबिट या छोट्या सर्किट बोर्डसाठी असलेल्या मेककोडचा विचार करावा. तेथे तोच प्रोग्रॅम ब्लॉकमध्ये आणि लिखित स्वरूपात असा दोन्ही प्रकारे पाहता येतो. फोनसाठी ॲप बनवण्याची इच्छा असेल तर एमआयटीचे ॲप इन्व्हेंटर घ्यावे. त्यातही ब्लॉकच आहेत, पण बटणे, पडदे आणि साठवलेली माहिती यांची मांडणी स्वतः करावी लागत असल्याने स्क्रॅचमध्ये चल आणि घटना नीट समजल्यावरच तिकडे जावे.